छत उघडणारी जुनी गाडी बेळगावात घेताना: आधी पाणी, मग पासिंग, इंजिन त्यानंतर

कन्व्हर्टिबल किंवा दोनदारी कूपे कोरी घेणारा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात विरळा. इथे येते ती बहुधा पुणे, मुंबई, गोवा नाहीतर बेंगळुरूहून, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातून. घेणारा बॉनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग बघतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो. इंजिन बिघडलं तर दुरुस्त तरी होतं. आपल्या भागात पैसे बुडतात ते दुसऱ्याच दोन ठिकाणी: छतातून आत मुरलेलं पाणी, आणि सीमेपलीकडचं पासिंग. म्हणून तपासणीचा क्रमही तसाच ठेवा.

मधल्या आकारात जुन्या बाजारात दिसणारी नावं मोजकी आहेत. मर्सिडीजची ई-क्लास आणि सी ३०० कॅब्रिओले (म्हणजे छत उघडणारी कन्व्हर्टिबल), ऑडीची ए३ (भारतात २०१४ अखेर आली) आणि ए५ कॅब्रिओले (२०१७), दोनच माणसं बसवायची असतील तर बीएमडब्ल्यू झेड४. पक्क्या छताच्या कूपेत ई-क्लास कूपे आणि २०१६ पासून आलेली फोर्ड मस्टँग. या गाड्या कंपनीने बाहेरच पूर्ण बांधून आयात केलेल्या आहेत. मागच्या खिडकीचा रबर असो की छताचा पंप, तो शेल्फवरून मिळत नाही, मागवावा लागतो. गाडी बघायला जाण्याआधीच चेसिस नंबर मागून घ्या आणि जवळच्या अधिकृत वर्कशॉपला तीन गोष्टी विचारा: छताचं कापड, छताचा हायड्रॉलिक पंप आणि पुढची काच अजून मिळते का, किती दिवसांत येते, केवढ्याला पडते. उत्तर लेखी घ्या. भाव ठरवताना हाच कागद उपयोगी पडतो.

पाणी

बघायला जायची उत्तम वेळ म्हणजे पाऊस पडून गेल्यावरची सकाळ. उन्हाळ्यात जात असाल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन सोबत न्या. विकणारा कुरकुरला तरी चालेल, पण ही चाचणी सोडू नका.

कापडी छताची गाडी पाणी पूर्ण अडवत नाही, ती पाण्याला वाट करून देते. पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीशी, दारांच्या मागे आणि छत घडी होऊन बसतं त्या खोबणीत नाल्या असतात. तिथून बारीक नळ्या खाली चाकांच्या मागे किंवा तळाशी निघतात. चोर्ला, कणकुंबी, जांबोटीकडची गाडी झाडांखाली उभी राहते, खानापुरापुढे लाल माती उडते. पानं आणि माती मिळून या नळ्यांत लगदा होतो. मग पाणी नळीतून जाण्याऐवजी गालिच्याखाली, डिकीच्या तळात आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सांत जातं. पहिले काही महिने काहीच कळत नाही. नंतर कधी छत अर्ध्यात थांबतं, कधी सेन्सरचा दिवा लागतो, कधी सकाळी बॅटरी झोपलेली असते.

छत अर्धं उघडून मागच्या खोबणीत दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश ओता आणि खाली वाकून बघा. काही सेकंदांत धार लागली पाहिजे. पाणी लाल, गढूळ, तुटक येत असेल तर नळी तुंबत आली आहे. खाली काहीच येत नसेल तर ते गाडीतच साचतंय. ओतणं लगेच थांबवा. नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्राची गुळगुळीत, मऊ नायलॉन दोरी चालते, पण हळू सरकवा. हवेचा प्रेशर मारू नका, त्याने आतले जोड सुटतात आणि मग पाणी कुठे जातं ते गालिचा काढल्याशिवाय समजत नाही.

त्यानंतर चारही पायांजवळचे गालिचे बोटांनी दाबा. वरचं कापड कोरडं आणि खालचा स्पंज ओला, असं पुष्कळदा निघतं, म्हणून कडेची पट्टी उचलून आत हात घाला. डिकीतलं आच्छादन काढून तळ बघा. सीटच्या रुळांवर, सीटच्या बोल्टांवर तांबेरा असेल तर पाणी एकदाच आलेलं नाही. गाडीत शिरताच फवाऱ्याचा उग्र सुगंध आला, तर काचा बंद करून ती दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि पुन्हा दार उघडून वास घ्या. कुबट वास सुगंधाखालून वर येतोच.

कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यातून आलेल्या गाडीबाबत जास्त सावध राहा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यातल्या अनेक गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असणार, असं धरूनच चाला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. रोज बाहेर येतो तो हात-दोन हात पट्टा स्वच्छ, आणि आत गुंडाळलेल्या टोकावर मातकट आडवी रेघ, ही खूण धुवायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमचा तपशील मागा; ‘टोटल लॉस’ (दुरुस्तीपलीकडची) ठरलेली गाडी कितीही चकाचक असली तरी घेऊ नका.

छत

छत थंड गाडीवर एकदा आणि फिरून आल्यावर दोनदा, असं तीनदा पूर्ण उघडा आणि मिटा. ए५ चं छत उघडायला सुमारे १५ सेकंद लागतात, ए३ चं १८, ई-क्लास आणि सी-क्लासचं २० च्या आसपास. मोबाइलवर वेळ मोजा. दीडपट वेळ लागत असेल तर पंप थकलाय, तेल कमी आहे किंवा बॅटरी कमजोर आहे. बॅटरी आधी तपासा, कारण तीच सर्वांत स्वस्त गोष्ट आहे: बंद गाडीत मल्टिमीटरवर १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू इंजिनावर साधारण १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. अलीकडच्या गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या ताब्यात असतो, त्यामुळे आकडा थोडा खालीवर होतो. डिकीतला सरकता पडदा (छताच्या घडीची जागा सामानापासून वेगळी करणारा) नीट बसवलेला नसेल तर छत हलतच नाही. तेवढ्यावरून ते बिघडलंय असं समजू नका, आणि विकणारा ‘पडदाच नाही हो, बाकी सगळं ठीक’ म्हणाला तर तेही मान्य करू नका.

पंप आणि सिलिंडरचा बिघाड तेलावरून ओळखा. छताच्या पुढच्या कुलुपाजवळच्या कापडावर, मागच्या बाजूच्या पॅनेलच्या आत आणि डिकीत पंपाभोवती तेलकट डाग शोधा. सिलिंडरचं सील गेलं की तेल झिरपतं आणि पातळी घटते. अशा वेळी कोणी मिस्त्री ब्रेक ऑइल किंवा स्टिअरिंगचं तेल टाकून तात्पुरतं चालवून देतो. चुकीच्या तेलाने उरलेली सीलंही फुगतात. टाकीतलं तेल कोणतं आणि कधी घातलं हे विचारा. बिल नसेल तर पूर्ण तेल बदलायचा खर्च धरून बोला.

कापड घडीच्या रेषांवर बघा, कारण ते तिथेच आधी विरतं. आतून मोबाइलचा टॉर्च लावून बाहेर माणूस उभा करा. प्रकाशाचा ठिपका दिसला की तिथून पाणी येणार. मागची काच कापडाला चिकटवलेली असते. तिच्या कडेने नखाएवढी जरी फट दिसली तरी ती वाढतच जाते. बाजारातला सिलिकॉन भरून चिकटवलेली काच दोन पावसाळे टिकत नाही.

दारांना वरची चौकट नसते. हँडल ओढताच काच काही मिलिमीटर खाली उतरली पाहिजे आणि दार लागताच वर येऊन रबरात बसली पाहिजे. कूपेलाही हे लागू आहे. काच उतरत नसेल तर प्रत्येक वेळी ती रबराला घासते, रबर फाटतं आणि ऐंशीच्या वेगाला शीळ वाजू लागते. रबराला पेट्रोलियम जेली, ग्रीस किंवा डिझेल लावलेलं दिसलं तर नापसंती दाखवा. त्याने रबर फुगून ढिलं पडतं. त्यासाठी कंपनीचं वेगळं वंगण मिळतं.

मागच्या सीटच्या पाठीमागे गाडी उलटली तर क्षणात वर येणारे दांडे असतात. ते उघडून बघायचे नाहीत. किल्ली ‘ऑन’ केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. दिवा मुळात लागतच नसेल तर बल्ब काढलेला असू शकतो. तिथेच थांबा.

खालून आणि चालवून

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार नको. छत नसल्याने ताठपणा तळातून येतो, त्यासाठी खाली जादा पट्ट्या आणि आडवे दांडे बसवलेले असतात. अपघातानंतर घाईने जोडलेल्या गाडीत यांतला एखादा दांडा परत बसवलेलाच नसतो. रिकामी बोल्ट-भोकं शोधा, दोन्ही बाजूंची तुलना करा. गोव्यात किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीचे सायलेन्सरचे जोड, ब्रेकच्या धातूच्या नळ्या आणि मागच्या सबफ्रेमचे बोल्ट खाऱ्या हवेने खाल्लेले असू शकतात. वरून रंग कितीही छान असू दे, बोल्टावर पाना टिकतो का ते विचारून घ्या. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांना या गाड्या ठेंगण्या पडतात, त्यामुळे तळाचे प्लास्टिक, इंजिनाखालची ऑइल पॅन आणि पुढच्या बंपरची खालची धार बघणं आलंच.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर वापरा. कारखान्याचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो, २०० च्या वर म्हणजे पुन्हा मारलेला, ५०० च्या पुढे आत पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचे, तिथे मोजू नका. महत्त्वाची जागा म्हणजे पुढच्या काचेचे दोन खांब आणि मागच्या चाकांवरचे पत्रे. कन्व्हर्टिबलला खांब कापून जोडलेला असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सहा वर्षांच्या आतले हवेत. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) किंवा पंक्चरचं किट असतं. चोर्ल्यात रात्री याचा अर्थ काय होतो हे आधीच समजून घ्या.

इंजिन रात्रभर थंड असलेलंच सुरू करा. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. पहिल्या दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखड चालली तर टायमिंग चेन किंवा कॅमच्या ॲडजस्टरकडे संशय जातो. टर्बो पेट्रोलमध्ये दोन सर्व्हिसांच्या मध्ये किती लिटर तेल वरून घातलं हे सर्व्हिस बिलांवरून काढा. सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) वाचणारा स्कॅनर लावा. किलोमीटरचा आकडा मीटरबरोबर इतर मॉड्यूलमध्येही साठलेला असतो, दोन्ही ताडून बघा. एकही एरर नाही आणि एमिशनच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दाखवत असतील, तर तुम्ही येण्याआधीच मेमरी पुसलेली असू शकते.

फेरीला बेळगाव-वेंगुर्ला रस्ता बरा: हिंडलगा, सुळगा करत शिनोळीपर्यंत आणि परत. खड्डे, गती, वळणं सगळं मिळतं. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे सावकाश जावं लागतं, ते गिअरबॉक्ससाठी उत्तमच. ऑटोमॅटिक पहिल्या-दुसऱ्यात रांगताना धक्के देते का ते तेव्हाच कळतं. स्पीडब्रेकर एकदा तिरका घ्या. आरशात मागचं दृश्य थरथरणं थोडं चालतं, पण दार आणि काचेच्या सांध्यातून करकर आवाज येऊ नये.

पासिंग

आता सगळ्यात जास्त फसवणूक होते तो भाग. ‘एमएच-०९ (कोल्हापूर) आहे, चंदगडच्या पाहुण्यांच्या नावावर ठेवा, टॅक्स वाचेल’ हा सल्ला सीमाभागात सर्रास मिळतो. तो घेऊ नका. गाडी पाहुण्यांची आणि विमाही पाहुण्यांचा राहतो. अपघात झाला तर क्लेम आणि कोर्ट त्यांच्या दारात जातं आणि उद्या विकायची झाली तर सही मागत फिरावं लागतं. बारा महिन्यांची जी मुभा ऐकिवात आहे ती मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ ची: परराज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. विकत घेतलेल्या गाडीला मात्र कलम ५० लागतं. विकणाऱ्याने कळवायची मुदत त्याच राज्यात १४ दिवस, परराज्यात ४५ दिवस. घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा.

परराज्यातली गाडी घेताना पायरीचा क्रम असा ठेवा. आधी परिवहनच्या पोर्टलवर मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा, विम्याची आणि पीयूसीची तारीख, काळ्या यादीतली नोंद आणि थकलेली चलनं बघा. चलनांमुळे एनओसी (ना-हरकत दाखला) अडकू शकते. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरल्याचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मग विकणारा त्याच्या आरटीओकडून फॉर्म २८ वर एनओसी काढतो. तिच्यावर तुमच्या आरटीओचं नाव हवं: बेळगावला केए-२२, चिक्कोडीला केए-२३, बैलहोंगलला केए-२४. ‘कर्नाटक’ एवढंच किंवा चुकीचं कार्यालय लिहून आलं तर पुन्हा मागे धावावं लागतं. त्यासोबत मालकी बदलाचे फॉर्म: २९ च्या दोन प्रती आणि ३०, विकणाऱ्याची सही आरसीवरच्या सहीसारखीच. इथे आल्यावर नव्या नंबरासाठी फॉर्म २७, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि निरीक्षकासमोर प्रत्यक्ष गाडी. करारपत्र किंवा एजंटाचा अर्ज कन्नडमध्ये असेल तर ओळ न् ओळ वाचून घेऊनच सही करा. नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता आधारप्रमाणे अक्षरशः जुळला पाहिजे.

कर्नाटकचा आजीवन कर हा या व्यवहारातला लपलेला दगड आहे. नव्या गाडीला २० लाखांच्या वर तो १८ टक्के आणि शिवाय अधिभार. परराज्यातल्या जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो. पण मोजला जातो तो गाडीच्या मूळ किमतीवरून, तुम्ही मोजलेल्या पैशांवरून नाही. ६० लाखांची गाडी १८ लाखांत मिळाली म्हणून कर १८ लाखांवर लागणार नाही. भाव ठरवण्याआधी मूळ इनव्हॉइसची प्रत घेऊन आरटीओतून आकडा काढून आणा. जुन्या राज्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग तिथल्या आरटीओकडे मागता येतो. तो अर्ज कोण करणार आणि पैसे कोणाचे, हे करारातच लिहा. या हिशेबाने पाहिलं तर थोडी महाग वाटणारी केए पासिंगची गाडी बहुधा स्वस्त पडते, आणि आम्ही तरी तीच आधी शोधायला सांगू.

गोव्याची गाडी असेल तर जुन्या फोटोंत नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी होती का बघा. ती भाड्याने स्वतः चालवायला दिली जाणारी गाडी असते आणि आरसीवर वर्ग बदलून खासगी झाल्याची नोंद हवी. दिल्लीकडची डिझेल गाडी स्वस्त मिळण्याचं कारण तिथली वयोमर्यादा. एनओसी प्रत्यक्ष निघालेली असेल तरच बोला. कोणी व्यक्तीने स्वतः आयात केलेली गाडी असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद) मूळ प्रतीत मागा. ती नसेल तर तो विषय तिथेच संपला.

पैसे दिल्यावर

रक्कम आरटीजीएसने, आरसीवर नाव असलेल्याच्याच खात्यात. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, शिवाय रोखीचा पुरावा राहत नाही. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून घ्या. त्याआधीची चलनं विकणाऱ्याची.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करा. तोवर थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे आपोआप येतो, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबतच जातो. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं जादा कव्हर) घ्याच, कारण साध्या पॉलिसीत रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे मिळतात आणि या गाडीत तेच भाग जास्त आहेत. पावसाळ्यासाठी इंजिनाचं जादा संरक्षणही जोडा.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात नाल्या साफ करून घ्या, मग मेच्या अखेरीस आणि दिवाळीच्या सुमारास. छत ओलं असताना घडी करून ठेवू नका. ठेवावंच लागलं तर दुसऱ्या दिवशी घडी उलगडून वर चढवा आणि वाळवा, नाहीतर घडीत बुरशी धरते. प्रेशर वॉशरची धार कापडाजवळ नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर चालवा.

नवा नंबर मिळाला की त्याच नंबरची हाय सिक्युरिटी प्लेट बसवा आणि विकणाऱ्याला त्याचा फास्टॅग बंद करायला सांगा. काचेवर जुना टॅग तसाच राहिला तर हत्तरगी किंवा कोगनोळीच्या नाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून कापले जातात, आणि त्याने तो मध्येच बंद केला तर रांगेत जादा टोल तुम्हाला भरावा लागतो.